मानेवरचा शेक

४ नोव्हें.
मुंबईहून मलकापूरला परत. किरण दहा वेळा देऊन झाले, दहा राहिले. कुसुमला पंधरा दिवसांत उलटी नाही, डोकं धरून रडणं नाही. गाठ मेंदूत खोल, सुरी चालणार नाही, यंत्राचे किरणच पोचतील, असं डॉ. म्हणाले. आता कातडीला तीन आठवडे विसावा. २५ला पुन्हा हजर.
मानेवर जांभळ्या शाईचा चौकोन. तेवढ्यातले केस गेले. किरण देताना तिला पालथी निजवतात, दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या, आणि मला बाहेर काढून शिशाचं दार लावतात. सहा वर्षांची पोर, हलत नाही! त्या यंत्राचा संताप येतो, आणि त्याच्याच पाया पडावंसं वाटतं.

६ नोव्हें.
नणंदबाई रोहिणखेडहून आल्या. कुणी बोलावलं होतं? आल्या आल्या, "पोरीचे केस काऊन काढले व इमल?" यांना थोरली बहीण म्हणजे देव. मला नाही.

९ नोव्हें.
"तिकडे काय करतेत पोरीले?" न.बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं. किरण, वीज, काचेची नळी... कुणापुढे डोकं फोडू? म्हटलं, शेक देतात, दहा झाले, दहा राहिले. मुंबईच्या आयाही शेकच म्हणायच्या. तेल-पाणी लावायचं नाही एवढं बजावलं. सुटले.

१४ नोव्हें.
कुसुम सारखी आत्याच्या मांडीवर. मी दवाखान्यात नेणारी, म्हणून मी वाईट. दोघींचं काही गुपित चालतं. मी आले की गप्प.

१७ नोव्हें.
दुपारी शेजारून आले तर न.बाईंपुढे शेगडी, तवा, त्यावर रुईची पानं, हातात मिठाची गरम पुरचुंडी. कुसुम पालथी, दोन्ही बाजूंना उशा, अगदी यंत्राखाली निजते तशी. चौकोनातली कातडी सोललेली.
पुरचुंडी हिसकून अंगणात भिरकावली.
"तेल नाही, पाणी नाही, कोरडाच शेक देऊन राह्यली मी. पाच दिस झाले. तूच तं म्हणली होती, शेक देतेत म्हणून. दहा राह्यले होते नं?"
आणि कुसुम, "आत्या बाहेर नाही जात. हात धरते."
चालत्या व्हा म्हटलं. यांच्यादेखत म्हटलं.

१८ नोव्हें.
इथले डॉक्टर घरी आले. किरणांनी आधीच नाजूक झालेली कातडी, तिला वरून आच. जखम भरेपर्यंत तिथे किरण कुणी देणार नाही.
हे माझ्याकडे बघून, "तू सांगितलं नव्हतंस?" सांगितलं होतं की. एक शब्द सांगितला होता. आणि 'ऊब देऊ नये' असं लिहिलेला इंग्रजी कागद यांच्या कोटाच्या खिशात, घडीसुद्धा न मोडता! मुंबईला तार केली.

२१ नोव्हें.
न.बाई गेल्या नाहीत. ओसरीवर बसून असतात, ताट परत येतं. बसोत. माझ्या वाटणीचा रागही त्यांच्यावरच काढतेय, कळतं मला. काढणार.

२३ नोव्हें.
तारेचं उत्तर आलं. ठरल्या दिवशी आणा, जखम पाहून ठरवू.
आज सकाळी कुसुमला उलटी झाली. मुंबई सोडल्यापासून पहिली. चालताना डावीकडे झुकते, की मलाच भास...

२४ नोव्हें. मलकापूर स्टेशन
गाडीला वेळ आहे. बाकावर लिहितेय.
आत्या आली तरच पालथी निजेन, असं कुसुमनं सकाळी सांगून टाकलं. ओसरीवर गेले. "लुगडी बांधा."
"मले नेतं व इमल?"
"तुमच्यासाठी नाही नेत."
या वेळी एका शब्दावर भागवलं नाही. किरण दिसत नाहीत, जाणवत नाहीत, पण गाठीपर्यंत जातात आणि कातडीतूनच जातात, म्हणून कातडी जपायची. शिशाच्या दाराचंही सांगितलं. हात कुणालाच धरू देत नाहीत म्हटलं. त्यांनी सगळं नीट ऐकलं. त्यांना सगळं समजलं. अर्ध्या घटकेचंच तर काम होतं.
मग त्यांनीच विचारलं, "अन् डॉक्टरनं थे जखम पाहून नाही म्हटलं तं?"
चौकोनाची एक कड अजून ओली आहे. मी कुसुमच्या मानेवरचं फडकं सारखं केलं.