ती गेल्यानंतरची शांतता

३ फेब्रुवारी, मंगळवार
पाच महिने झाले, डोक्यात एकही आवाज नाही! डॉक्टर खूश. आई खूश. दादाने तर ऑफिसातून फोन करून अभिनंदन केलं — जणू मी परीक्षेत पहिली आले. "आता कसं, शांत वाटतं ना?" म्हणाला.
वाटतं ना. फार शांत वाटतं. नको इतकं शांत.
मला सायकोसिस झाला तेव्हा आवाज तीन होते. दोघे पुरुष, एक नंबरचे घाणेरडे. चहात विष आहे म्हणायचे. त्यांच्यापायी मी आईच्या हातचं खाणं सोडलं, दादावर कात्री उगारली. ते गेले, सुटले बाई एकदाची!
पण तिसरी बाई होती. मला ठकू म्हणायची. "ठकू, आज तो निळा ड्रेस घाल." "ठकू, पुरे आता, झोप." ते दोघे फार करायला लागले की त्यांना दमात घ्यायची. गोळ्यांनी तिघांनाही एकाच झाडूने झाडून काढलं.
तिची आठवण येते हे सांगायचं कुणाला? आईला? जिने माझ्यापायी चांगली चालू नोकरी सोडली?

५ फेब्रुवारी, गुरुवार
दुकानात अकरा चष्मे बसवले. काच घासायची, फ्रेममध्ये चढवायची, दांडीचा स्क्रू पिळायचा. मालक म्हणाले, "तू आल्यापासून एक स्क्रू हरवला नाही." मनात म्हटलं, काका, हरवायचा तो आधीच हरवून आलेय!
एका मुलीने नवा चष्मा लावला आणि रस्त्यापलीकडची पाटी वाचून आनंदाने ओरडली. डोक्यातली ती बाई असती तर लगेच काहीतरी बोलली असती. मी उगाच थांबले. सवय.

१० फेब्रुवारी, मंगळवार
सांगून टाकलं! गटात.
दर मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता आम्ही सहाजण फोनवर जमतो. सगळे माझ्यासारखे, आजारातून उठलेले. चेहरे नाहीत, खरी नावं नाहीत, नुसतं लिहायचं. मी 'ढिला स्क्रू'. एक 'पाणबुडी' आहे, एक 'उशीरलतीफ' — तो नेहमी सगळं संपत आलं की उगवतो. नर्सताई गट चालवतात.
आज लिहिलं, "मला माझ्या आवाजाची आठवण येते." पाठवलं आणि फोन उशीखाली कोंबला.
काढून बघते तर पाणबुडीचं उत्तर — "मलाही गं. मी तर रडले होते." ताईंनी लिहिलं, "आठवण येते म्हणजे तू परत आजारी पडलीस असं नाही. सोबत गेली, वाईट वाटणारच. बोल त्या आवाजाबद्दल."
मी बोलले. पाऊण तास! इतकं बोलले की ती आणखीच हवीशी झाली.

११ फेब्रुवारी, बुधवार
आज गोळी घेतली नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
आजही नाही. आईसमोर तोंडात टाकते, पाणी पिते, मोरीत जाऊन थुंकते. आई म्हणते, "शहाणी गं माझी." मेल्याहून मेल्यासारखं होतं.
केस विंचरताना ती हमखास बोलायची, म्हणून मुद्दाम वेळ लावला. आली नाही. येईल.

१६ फेब्रुवारी, सोमवार
तीन दिवस धड झोप नाही. दुपारी मशीनवर काच घासत होते, आणि आवाज आला.
तिचा नाही. त्या दोघांतला एक. "मालकाला सगळं कळलंय," म्हणाला. मी वर पाहिलं तर काका माझ्याकडेच बघत होते! हातातली काच फरशीवर पडून फुटली. काका म्हणाले, "अगं, रंग का उतरला तुझा? बस आधी." बसले. ते पाणी आणायला गेले. "ते पाणी पिऊ नको," तो आवाज म्हणाला.
फोन काढून गटात लिहिलं, "गोळ्या बंद केल्या. ती आली नाही. तो आलाय."
आणि उशीरलतीफ — एका मिनिटात! "मीपण हेच केलं होतं. चांगली आली नाही, वाईटच आले. ताईंना आत्ता फोन लाव. मी इथेच आहे, हललो नाही." मध्येमध्ये लिहीत राहिला, "आहे." "आहे अजून."
फोन लावला. ताई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बरं केलंस सांगितलंस. आईला दे माझा नंबर. उद्या सकाळी डॉक्टरांकडे."
पाणी प्यायले. अख्खा ग्लास.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
डॉक्टरांना सगळं सांगितलं — ती, ठकू, मोरी, सगळं. आई शेजारच्या खुर्चीत. गोळ्या परत सुरू.
बसथांब्यावर आई रस्त्याकडेच बघत होती. पर्स पोटाशी धरून उभी. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
तो गेला. झोप येतेय. गटात उशीरलतीफ परत उशिरा आला, सगळे तुटून पडलो त्याच्यावर! ती नाहीच येणार आता. लिहून टाकते म्हणजे पटेल — नाही येणार.
आई कामापुरतंच बोलते.

१ मार्च, रविवार
कपड्यांच्या घड्या घालत होतो. आई मान वर न करता म्हणाली, "तेव्हा तू आत एकटीच खदखदून हसायचीस. मी दाराला कान लावून उभी राहायचे. जीव घाबरा व्हायचा, पण हलवत नव्हतं तिथून. ते आवाज गेल्यापासून तशी हसली नाहीस गं तू. मलाही चुकल्या-चुकल्यासारखं होतं."
मग उशीचा अभ्रा हातात तसाच धरून विचारलं, "नाव काय होतं तिचं?"
मी कधी विचारलंच नव्हतं.