पुस्तकातला भूकंप, पडद्यावरचा भूकंप

मॅडम,

तुम्ही माझ्याकडून जप्त केलेल्या त्या जपानी चित्रकथेवर आता दुसऱ्यांदा मालिका निघाली आहे. गेल्या महिन्यात माझ्या मुलीनं ती टीव्हीवर लावली. पहिल्याच दृश्यात तो झुलता पूल दिसला, आणि मी हातातली कणीक तशीच ठेवून तिच्याशेजारी जाऊन बसले. तुम्ही गेलात त्याला बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत तुमची आठवण आली नाही असं नाही. मीही आता नांदेडला ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजीच शिकवते, आणि फळ्यावर फुलाचा उभा छेद काढताना माझा हात तुमच्यासारखा वळतो, हे माझं मलाच कळतं. पण तुम्हाला काही सांगायलाच हवं असं कधी वाटलं नव्हतं. ते या मालिकेमुळे वाटलं.

मी लातूरला आले तेव्हा सतरा वर्षांची होते. लातूर पॅटर्नचा जोर होता. गल्लीगल्लीत क्लास, घरांवर मजले चढवून केलेली होस्टेलं, एका खोलीत चार कॉट आणि चार पोरींची चार गावं. आब्बांनी मला एसटीतून उतरवलं, ट्रंक खोलीत ठेवली आणि दारातून एवढंच म्हणाले, "दिल लगाके पढ." ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी माझ्या मामूंनी हैदराबादच्या फुटपाथवरून आणलेली ती पुस्तकं होती, इंग्रजीत भाषांतर केलेली. जपानी लोक या चित्रकथांना मंगा म्हणतात आणि त्यांच्यावर काढलेल्या हलत्या चित्रांच्या मालिकेला अॅनिमे, हे मला मामूंनीच सांगितलं होतं. गोष्ट दोन भावंडांची होती. डोंगरातलं गाव, डोंगराखाली एक राक्षस झोपलाय अशी गावाची समजूत, आणि एक दिवस तो राक्षस कूस बदलतो. गाव पडतं. बहीण वाचते, भाऊ सापडत नाही. मग ती झुलते पूल बांधायला शिकते आणि गावोगावचे तुटलेले पूल दुरुस्त करत भावाला शोधत फिरते.

रविवारच्या टेस्टमध्ये उत्तरपत्रिकेखाली तिसरा भाग ठेवून मी वाचत होते आणि तुम्ही मागून आलात. तुम्ही ओरडला नाहीत. पुस्तक उचललंत, दोन पानं चाळलीत आणि म्हणालात, "चित्रं बघायला लातूरला आलीस व्हय?" सगळा वर्ग हसला. माझे कान तापले. नियमाप्रमाणे घरी फोन जायला हवा होता. मी दोन दिवस होस्टेलच्या फोनकडे बघत काढले. तिसऱ्या दिवशी तुम्ही मला स्टाफरूममध्ये बोलावलंत. पुस्तक तुमच्यासमोर टेबलावर उघडं होतं.

"हे काय लिवलंय?" तुम्ही विचारलंत. "आधी गाव पडलेलं हाय. मग ते उभं ऱ्हातंय. पोरगं हरवलेलं असतंय, अन् शेवटाला घरात बसून जेवतंय. असं कुठं असतंय का?"

मला कळायला जरा वेळ लागला. तुम्ही पुस्तक डावीकडून वाचलं होतं.

"मॅडम, उजवीकडून उघडायचं," मी म्हटलं. "उर्दूसारखं. तुम्ही शेवटापासून वाचलंत."

"असं व्हय," तुम्ही म्हणालात. पुस्तक फिरवलंत आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलंत. मला जा म्हटलं नाहीत, म्हणून मी उभीच राहिले. गाव पडतं ते पान आलं. ते तुम्हाला आठवत असेल. दोन्ही बाजूंची पानं मिळून एकच चित्र, आणि त्यात जवळजवळ काहीच नाही. सगळं पांढरं. खाली कोपऱ्यात घराच्या चौकटीचा तुकडा आणि बहिणीचा पाठमोरा, बोटाएवढा आकार. आवाज दाखवायला मंगात मोठमोठी अक्षरं काढतात, तीही तिथं नव्हती. तास संपल्याची घंटा झाली, पुढच्या तासाची झाली, शिपाई तुम्हाला बोलवायला आला आणि तुम्ही "आलेच" म्हणून तिथंच बसून राहिलात. त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा एका तासाला गेला नाहीत.

पुस्तक मला परत मिळालं नाही. उलट तुम्ही पहिले दोन भागही मागून घेतलेत. आठवड्यानंतर एका दुपारी डब्यातली शेंगाची चटणी माझ्यापुढे सरकवत तुम्ही आपणहून बोललात. तुमचं गाव औशाच्या पलीकडे, भूकंपात गेलेलं. गणपती बुडवून लोक नुकते झोपले होते. तुम्ही अंगणात बाजेवर होतात आणि धाकटा भाऊ मिरवणुकीत नाचून दमला म्हणून आत भिंतीकडेला झोपला होता. "लोक सांगतेत, लई मोठा आवाज झाला," तुम्ही म्हणालात. "झाला असंल. मला न्हाई आठवत. मला धूळ आठवती. भिंती सगळ्या पांढऱ्या मातीच्या. गावाला पांढरी म्हणतेत ते उगं न्हाई. उजाडलं तवा सगळं पांढरं होतं, माणसं बी. ह्या जपानवाल्याला कुणी सांगितलं असंल?" आमच्या नांदेडला त्या पहाटे फळीवरची भांडी पडली होती आणि अम्मी मला उचलून रस्त्यावर धावली होती, एवढाच माझा भूकंप. तोही ऐकलेला.

मग मी अॅनिमेचा विषय काढला. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या माझ्या चुलतभावाकडे त्याच्या सीडी होत्या. तुमच्याकडे प्रश्नपत्रिका टाइप करायला घेतलेला कॉम्प्युटर होता. टेस्ट झाली की रविवारी दुपारी मी तुमच्या दोन खोल्यांच्या घरी यायचे आणि आपण एकेक भाग बघायचो. खाली इंग्रजी ओळी येत, त्या मी मराठीत सांगायचे. तुम्ही मध्येच सीडी थांबवायला लावायचात. पुस्तकात बहीण पुलाचा दोर वळते ते एक पानभर हात आणि दोर, बाकी काही नाही. पडद्यावर तिथं एक म्हातारा गुरू आणून बसवला होता आणि तो सारखा उपदेश करायचा. "ह्याला कशाला आणलं?" तुम्ही विचारायचात. मी सांगायचे की पुस्तक महिन्याला थोडं थोडं निघतं, मालिका दर आठवड्याला लागते, म्हणून त्यांना मध्ये भर घालावी लागते. "म्हंजी आपल्या क्लाससारखंच," तुम्ही म्हणालात. "पोर्शन संपला, तास ऱ्हायलेत."

भूकंपाचा भाग आला त्या दिवशी मीच उत्सुक होते. मला ते दृश्य फार आवडायचं. आकाश लाल होतं, डोंगर फाटतो, व्हायोलिन वाजायला लागतात, बहीण भावाच्या नावानं किंचाळते आणि तिचे केस संथपणे वाऱ्यावर उडतात. मी प्रत्येक वेळी रडले होते, त्या दिवशीही रडले. तुम्ही शेवटपर्यंत बघितलंत आणि विचारलंत, "हे लाल कशापायी केलं?"

"पुस्तकापेक्षा हेच भारी आहे, मॅडम," मी डोळे पुसत म्हटलं. "पुस्तकात तर काहीच नाही. इथं बघा, रडू येतं."

तुम्ही माझ्याकडे वळलात. आवाज चढवला नाहीत. "रडू आलं म्हंजी खरं झालं का? सांग की. तुला ते वाजवणाऱ्यानं रडवलं. त्या पांढऱ्या पानावर तुला कुणी रड म्हणलं नव्हतं, म्हणून तू पान उलटून पुढं गेलीस." मग उठून चहा ठेवलात. मला राग आला होता. माझी आवडती गोष्ट तुम्ही माझ्यापासून हिसकावून घेतली असं वाटलं, आणि पुढचे दोन रविवार मी आले नाही. तिसऱ्या रविवारी तुम्हीच होस्टेलच्या दारात उभ्या होतात, हातात तिसरा भाग घेऊन. त्याची शिवण उसवली होती. "तुझे वडील पुस्तकं शिवतेत म्हणलीस ना. एवढं करून आण."

आब्बांनी नांदेडला दुकानात तो भाग हातात घेतला, न विचारता उजव्या बाजूनं उघडला आणि बोटानं शिवण चाचपली. उर्दू किताबांच्या जिल्दी बांधण्यात त्यांचा जन्म गेला होता. "ये एकीच पान पे लई येळ खुल्ली रही किताब," ते म्हणाले. "पढनेवाली कोन है?" मी म्हटलं, आमच्या मॅडम. त्यांनी हिरव्या कापडाची जिल्द चढवली आणि मजुरी घ्यायची नाही म्हणून बजावलं. ते पान मात्र तेव्हा मी दुकानातल्या स्टुलावर बसून पहिल्यांदा नीट पाहिलं. किती वेळ पाहायचं हे माझ्यावर होतं. पडद्यावर ते दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेलं असतं. तुमचं म्हणणं मला तिथं कळलं. तुम्हाला ते सांगितलं नाही. नुसतं पुस्तक आणून दिलं आणि आपले रविवार पुन्हा सुरू झाले.

ती पहिली मालिका पुस्तकाच्या पुढे धावली आणि तिनं स्वतःचा शेवट केला. बहीण शेवटचा पूल बांधते आणि धुक्यातून पलीकडून भाऊ चालत येतो. तो भाग मात्र आपण दोघींनी मिळून बघितला नाही. माझी परीक्षा आली, मेडिकलचा नंबर हुकला, मी नांदेडला परत गेले आणि बी.एस्सी.ला नाव घातलं. निकालाच्या दिवशी तुमचा फोन आला होता. "झालं ते झालं," तुम्ही म्हणालात. "पुस्तक पुरं झालं की कळव. शेवट बघितल्याबिगर मी काय सोडत न्हाई."

पुस्तक पुरं व्हायला आणखी पाच वर्षं गेली. तोवर तुम्ही आजारी पडला होतात. मी भेटायला आले तेव्हा तुमच्या डोक्याला रुमाल बांधलेला होता आणि खिडकीत औषधांच्या बाटल्यांशेजारी हिरव्या जिल्दीचा तो भाग होता. शेवटचा भाग मी चारच दिवसांपूर्वी वाचला होता. त्यात भाऊ सापडत नाही, मॅडम. एका गावात पूल बांधता बांधता बहिणीच्या लक्षात येतं की आपण आज दिवसभर कुणाला भावाबद्दल विचारलं नाही. ती हत्यारं खाली ठेवते, गावकऱ्यांत बसून जेवते आणि तिथंच राहते. एवढंच.

तुम्ही विचारलंत, "भेटला का गं भाऊ?"

"भेटला," मी म्हटलं.

"कुठं?"

"पुलावर. पलीकडून आला."

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं, झालं. पण तुम्ही विचारलंत, "कसं काढलंय? पान सांग."

तेव्हा मला पान रचावं लागलं. मी म्हटलं, दोन्ही बाजूंची पानं मिळून एकच चित्र आहे. सगळं पांढरं आहे. मध्ये पूल, एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो, दोघंही बोटाएवढे. चेहरे दिसत नाहीत. तुम्ही डोळे मिटूनच ऐकलंत. मग म्हणालात, "बोलतेत का काही?" मी म्हटलं, नाही. "बरं केलं," तुम्ही म्हणालात. हे मला उद्देशून होतं की त्या चित्रकाराला, हे मी अजून ठरवू शकलेली नाही. तीन आठवड्यांनी तुम्ही गेलात.

ही नवी मालिका पुस्तकाबरहुकूम आहे. म्हातारा गुरू नाही, लाल आकाश नाही. गाव पडतं तेव्हा पडदा पांढरा होतो आणि एकही वाद्य वाजत नाही. माझ्या मुलीला वाटलं नेट गेलं. ती उठून बघायला निघाली, मी तिला हाताला धरून बसवलं. तुम्हाला हे पटलं असतं, पण पुरतं नाही, असं मला वाटतं. त्यांनी सगळं बरोबर केलंय, आणि तरीही ते पांढरं आपल्याला हवं तितकं थांबत नाही, पुढं सरकतं. शेवटही पुस्तकातलाच आहे. मुलीनं विचारलं, "अम्मी, पण भाऊ कुठे गेला?" मी तिला सांगितलं की तो गेला, आणि बहिणीला हे खूप उशिरा कळलं. ती भूक लागली म्हणाली. आम्ही जेवायला बसलो. तुम्हालाही असंच सांगता आलं असतं. तुम्ही ते ऐकून घेतलं असतंत. खोट्याची गरज तुम्हाला नव्हती, मला होती. त्या खोलीत ते वाक्य उच्चारायची माझी हिंमत नव्हती.

हे सगळं मी कॉलेजच्या जुन्या प्रॅक्टिकल बुकाच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिलंय. ते फाडून कुठं पाठवायचं नाही, कुणाला दाखवायचंही नाही. इतकी वर्षं आपण त्या चित्रातल्या भावाबद्दल इतकं बोललो, आणि मॅडम, तुमच्या भावाचं नाव काय होतं, हे मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही.