व्यंकटरावांबरोबर हैदराबादची हॉटेलं

पुसेगाव. मंगळवार, १ फेब्रुवारी १९३८. सकाळी ६.२०.

उद्या हैदराबादेला निघायचं. आमच्या शालूचं लग्न पक्कं करायला. व्यंकटराव तिथं कचेरीत कारकून, मुलगा संतरामही तिथंच लागलेला. त्यांना पोरगी पसंत, आम्हाला पोरगा पसंत. राहिलो मी. शहरातले लोक पोरीचा बाप पारखून घेतात म्हणे.

तयारी पूर्ण आहे. देशोदेशीच्या खाण्याची मला चांगली माहिती आहे, असं पत्रात आधीच कळवून ठेवलं आहे. खोटं नाही. जवळा बाजार गावी घेतलेलं साहेबी रीतीचं पुस्तक तीन वेळा वाचलं. पानं ४१ ते ४८ फाटलेली, तेवढी अंदाजानं.

भीती अजिबात नाही. झोप लागली नाही ती मांजरामुळे.

आमची मंडळी पंचफुलाबाई भाकरी बांधून राहिली. म्हणालो, तिथं हॉटेलं आहेत. म्हणाली, "असतेत की. भाकर काय चावती व्हय कोणाला?"

हैदराबाद. गुरुवार, ३ फेब्रुवारी. रात्री ८.०५. धर्मशाळा.

गाडी एक तास चाळीस मिनिटं लेट.

सायंकाळी व्यंकटरावांकडे गेलो. आत मेज, खुर्च्या. मेजावर ताटं. काटे-सुऱ्या दिसल्या नाहीत, पण झाकून ठेवल्या असतील. छातीत धडधड सुरू झाली. (जिना चढल्यामुळे.) ताबडतोब म्हणालो, "पोरीच्या घरचं बापानं पाणीसुद्धा घेऊ नये, अशी आमच्यात रीत आहे."

रीत लग्नानंतरची आहे, हे मला ठाऊक आहे. मी ती जरा अगोदर लागू केली.

व्यंकटराव म्हणाले, "लई कडक बरं तुमी, पाव्हणे! मग तुमाला हॉटेलं दाखवतो. एका एका मुलखाचं एक एक. तुमी जाणकार, आमच्या घरचं तुमाला गोड तरी लागलं असतं का?"

पंचफुलाबाई मात्र सरळ चंद्रभागाबाईंच्या, म्हणजे विहिणीच्या, स्वयंपाकघरात जाऊन जेवली. रीतीची आठवण दिली तर म्हणाली, "ती बापाची रीत. मी आई हाय."

ठराव: हॉटेलात व्यंकटराव करतील तसंच करायचं. पण आधी मी केलं, असं दिसलं पाहिजे.

शुक्रवार, ४ फेब्रुवारी. दुपारी ३.४०.

इथं कचेरीला शुक्रवारी सुट्टी. इराण्याचं हॉटेल. चहा मागवला. न मागता बारक्या समोशांची बशी आली. आठ होते. व्यंकटरावांनी एक घेतला. पानात टाकणं आपल्यात बसत नाही, म्हणून उरलेले सात मी संपवले. लगेच दुसरी भरलेली बशी. तीही संपवली. तिसरी आली. तेव्हा लक्षात आलं की इथला आग्रह तोंडानं करत नाहीत, नुसतं वाढत राहतात. लग्नाच्या पंगतीत असं झालं की पाव्हण्यानं मान राखायचा असतो. राखला.

आत काय भरलं आहे, हे विचारायचा धीर सतराव्याला आला. वाढणारा पिकल्या दाढीचा म्हातारा म्हणाला, "प्याज है, साहब." देवाचे आभार.

एकूण तेवीस. व्यंकटराव नुसते बघून राहिले. छाप पडली.

सायं. ७.१५. पोट दगड. धर्मशाळेचा रखवालदार धर्मसिंग म्हणाला, "अरे रावसाब, जित्ता खाए उत्ताच गिनते. बाकी बशी वापस जाती." हे तिथं पाटीवर लिहायला नको का? सार्वजनिक जागेत इतका ढिसाळपणा! व्यंकटरावांनी तरी सांगायचं. बहुतेक जाणकाराला काय सांगायचं, म्हणून गप्प बसले.

शनिवार, ५ फेब्रुवारी. दुपारी १.३०.

आज चिनी हॉटेल. सिकंदराबादेत. ते लोक काड्यांनी खातात, असं धर्मसिंग सांगतो. पुस्तकात नाही. (फाटलेल्या पानांत असावं.) केरसुणीच्या दोन काड्या आणि एकतीस शेंगदाणे घेऊन चाळीस मिनिटं सराव केला. दोन उचलले. त्यातला एक काडीला चिकटला होता, पण धरायला हरकत नाही.

पंचफुलाबाई म्हणाली, "अवो, शेंगदाणे पळून राहिले तुमचे." जमीन उतरती आहे.

रात्री ८.३०.

लाल कंदील. खाली मान घालून बसलो. व्यंकटराव म्हणाले, "सांगा पाव्हणे, कसं खायचं असतं हे?" घाम. तेवढ्यात बशी आली, सोबत साधा चमचा, आणि जिवात जीव आला. शेवया! साक्षात शेवया. इतक्या लांब आपलं कोणी भेटावं, तसं झालं. अधिकारानं दूध-साखर मागितली. वाढणारा उभाच राहिला. मोठ्यानं परत मागितली. आणली. ओतली. कालवली.

मग शेवयांतून कांदा वर आला. मग लसूण. मग कोंबडी.

आता मागे फिरता येईना. व्यंकटरावांनी माझ्याकडे पाहिलं, बशीकडे पाहिलं, आणि त्यांनीही दूध ओतलं. मी म्हणालो, "अशाच खातात." ते म्हणाले, "व्हय, व्हय. बराबर हाय." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. दोघांनीही बशी पुसून खाल्ली.

रविवार, ६ फेब्रुवारी. सकाळी ११.

रात्री नऊ वेळा उठलो.

व्यंकटराव आले नाहीत. संतराम येऊन सांगून गेला की बाबा आडवे आहेत, आणि लग्नाचा विचार जरा थांबून करू म्हणतात.

पंचफुलाबाई तिकडून बातमी घेऊन आली. चंद्रभागाबाई म्हणाल्या, "आमच्यात पिठलं-भाकर. असल्या शौकीन घरची लेक आमच्यात कशी नांदंल, बाई? हे तर दोनच दिवसांत अंथरुणाला खिळले."

उपाय सुचला. व्यंकटराव उठले की एका इंग्रजी हॉटेलात साधा चहा-पाव घ्यायचा. गैरसमज आपोआप दूर होईल.

पंचफुलाबाई म्हणाली, "आता काय जीव घेता त्या मानसाचा? जा आन् सांगा, मला त्यातलं कायबी येत न्हाई." म्हणालो, हे अशक्य आहे. ती म्हणाली, "शालू तिकडं रुखवताचा रुमाल विणून राहिली. तुमच्या शेवयांपायी तिचं मोडलं, तर घरी जाऊन तिला तुमीच सांगा. मी न्हाई."

काटे, सुऱ्या, काड्या, सगळं परवडलं. शालूला सांगणं नको.

सोमवार, ७ फेब्रुवारी. सायं. ६.४५.

सकाळी खुलाशाचा मसुदा केला. चार कलमं. पंचफुलाबाईनं त्यात उरलेल्या भाकरी गुंडाळल्या.

४.१० ला व्यंकटरावांसमोर उभा राहिलो. ते खाटेवर सुंठीचं पाणी घेत होते. म्हणालो, "मला त्यातलं काही येत न्हाई, व्यंकटराव. पहिल्या दिवसापासून भेव वाटून राहिलं."

त्यांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "मग दूध काहून ओतलं?"

म्हणालो, "शेवया दिसल्या म्हणून. तुमी काहून ओतलं?"

"तुमी ओतलं म्हणून!"

तेही त्या हॉटेलात पहिल्यांदाच गेले होते. त्या दिवशी सकाळी कचेरीत चार जणांना विचारून घेतलं, तरी धीर होत नव्हता म्हणे. आतून चंद्रभागाबाईंचं हसू ऐकू आलं. पंचफुलाबाईचं जास्त.

आम्हा दोघांना भिंतीशी बसवून मऊ भात वाढला. रीतीचा विषय कोणी काढला नाही. मीही नाही. दोन वेळा घेतला.

शालूचं लग्न ठरलं. तारीख बायकांनी आत बसून नक्की केली.

कोणती, ते विचारायचा धीर अजून झालेला नाही.