ओसरीवरच्या चौघी

माय, आज सकाळी नागऱ्याच्या महादेवाला पाणी घातलं, घरी येऊन ब्रश आणि रंगाचा डबा घेतला आणि सरळ आपल्या मोहल्ल्यातल्या भजन मंडळात गेलो. मंडळाचा इतिहास सांगणारा तिथला फलक पुसून मला नव्याने लिहायचा होता. त्यावर तुम्हा चौघींची नावं नव्हती.

फलक सांगत होता की मंडळ राइस मिलच्या हमालांनी सुरू केलं. ते खरं नाही. आज जिथे मंडळाची स्लॅबची खोली आहे, तिथे तेव्हा आपली ओसरी होती. तुम्ही चौघी भिंतीला टेकून बसलेल्या असायचात, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि तेंदूची पानं. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा आणि प्रत्येक बिडीला सुपाच्या कडेवर एक टिचकी. त्या टिचकीवर गाणं चालायचं. कारखान्याचा मुन्शी नापसंत बिड्या फेकून द्यायचा, त्याला छाट म्हणत. त्याला तोंडावर बोलायची सोय नव्हती, म्हणून तुम्ही देवालाच मुन्शी केलं होतं. "किती काढशील छाट रे देवा, एक तरी जुडी घे," असं तू म्हणायचीस आणि बाकीच्या तिघी हसत उचलून धरायच्या. मिलमधून सुटलेले हमाल ऐकायला थांबू लागले. मग ढोलकी आली, पेटी आली, दारावर पाटी आली, आणि तुम्ही दाराबाहेर गेलात. गाणंही पुरुषांनी धुऊन घेतलं. त्यात मुन्शी उरला नाही.

तेच गाणं मंडळात शिकून येऊन मी एकदा तुझी चाल सुधारायला गेलो होतो. तू हात न थांबवता म्हणालीस, "आमचंच गाणं आमाले शिकवून रायला का रे? पयले दहा बिड्या वळून दाखव." मी तीन वळल्या. तिन्ही उलगडल्या.

अध्यक्षांना मी आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "भाऊ, देवाच्या खोलीत बिडीवाल्या बायांचे नावं कायले? लोक हसतील."

"हसू द्या. देव आधी त्यांच्याच ओसरीवर आला."

"मंग एकादशीले तुम्ही पुढे बसायचं नाही."

वीस वर्षं मी पुढे बसून गातो आहे. म्हटलं, मागे बसून गाईन, आवाज तेवढाच येतो.

चौघींतली एकटी उरलेली काकी आज काठी टेकत आली आणि उंबऱ्यावर बसली. "लिहून रायला त बराबर लिह. रेशन कार्डावानी चुकवू नको." मी सगळ्यात वर तुझं नाव लिहिलं, मग तिघींची, त्यांच्या खाली हमाल. अध्यक्ष दारातून पाहून गेले. मी ब्रश थांबवला नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, आणि तुला वाचताही येत नव्हतं. म्हणूनच इथे लिहायचं धाडस होतंय. जुना फलकही माझ्याच हातचा होता. तिशीत होतो, बिडीवालीचा पोरगा म्हणवून घ्यायची लाज वाटायची. तो लागला त्या दिवशी तू अक्षरांवरून तंबाखूनं पिवळं पडलेलं बोट फिरवत विचारलंस, "यात आमी कोठी आहो?" मी तुझं बोट धरून वरच्या ओळीवर ठेवलं आणि म्हणालो, "हे इथं."

आज त्याच ओळीत तुझं नाव लिहिलं.