सगळ्यात शांत खोली

५ मार्च, मंगळवार

नातीने माझी खोली बळकावली. हातात विजेची खरखर मोजायचं यंत्र घेऊन घरभर हिंडली. दिवा खरखर करतो, फ्रीज खरखर करतो, टीव्हीचं तर विचारूच नको. "आजी, सगळ्यात शांत खोली तुझी." आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला शांत म्हटलं. टेबल आलं, वायरी आल्या, माझं कपाट कोपऱ्यात गेलं. कुरकुर केली, पण बरं वाटतंय.

६ मार्च

हे आहे तरी काय, म्हणून विचारलं. काडेपेटीएवढी पट्टी, तिच्यावर मुंगीएवढे भाग. हवेतून येणारा बारीकसा संदेश पकडायचा, मोठा करायचा, आणि आपली खरखर त्यात मिसळू द्यायची नाही. तेही रेडिओच्या एखाद्याच स्टेशनासाठी नाही — खालपासून वरपर्यंत सगळ्यांसाठी.

म्हटलं, "ऐकलेलं जसंच्या तसं पुढे सांगणारं माणूस या घरात एक नाही, आणि तू मशीनकडून अपेक्षा करतेस?" सून दारात उभी होती. तिला लागलं. लागू दे.

सोमवारी साहेबांना दाखवायचंय. खरखर ठरल्या आकड्याच्या वर गेली तर काम दुसऱ्याकडे, आणि ही परत दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू तपासायला. वर्षभर राबली आहे पोरगी.

७ मार्च

तिच्या यंत्राच्या पडद्यावर खरखर दाखवणारी रेघ मधेच उडी मारते. नात म्हणाली, जवळ कुठेतरी मोबाईल आहे. सगळ्यांचे फोन गोळा करून खालच्या शिंप्याकडे ठेवले. रेघ उडतेच.

"आजी, तुझ्याकडे नाही ना?"

"मला कशाला हवा तो?" म्हटलं, आणि उशीला नीट टेकून बसले.

आहे. उशीच्या अभ्र्यात. नणंदेने तिच्या जावयाच्या हाती पाठवलेला. माझ्या नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणात ती फिरकली नाही, म्हणून मुलाने ठणकावलं, "आत्याचं नाव या घरात नको." ती तेव्हा स्वतःच अंथरुणाला खिळलेली. पण याला सांगणार कोण? विषय काढला की उठून जातो. मग दुपारी सगळे बाहेर पडले की आम्ही दोघी बोलतो. एरवी फोन गप्प करून ठेवते. आज कळलं, गप्प असला तरी तो टॉवरला हाका मारत असतो. माझ्याहून बडबड्या!

८ मार्च

नात म्हणते, मशीनच्या तोंडाशीच गाळणी बसवते, म्हणजे मोबाईलचा गोंगाट आत येणार नाही.

"मग झालं की."

"कुठलं झालं? गाळणीत बारीक संदेशही थोडा अडकतो गं. खरखर वाढते. आकडा हातचा जाईल."

अर्धं ताट टाकून उठली.

९ मार्च

पांघरुणाखाली फोन बंद केला. नात टेबलाशी होती. म्हणाली, "आता कशी सरळ झाली रेघ?" चालू केला. उडी. म्हणजे मीच.

उद्या ती गाळणी डाग देऊन पट्टीवर पक्की करणार.

१० मार्च, रविवार

चहा झाल्यावर अभ्रा उलटा केला आणि फोन तिच्या टेबलावर ठेवला. आधी हसली, मग चिडली, मग पुन्हा हसली. "आजी, चांगलं चाललेलं मशीन बिघडवायला निघाले होते मी!" गाळणी डबीत परत गेली. पण खात्री करायची म्हणे. "एक फोन लाव आणि बोलत राहा. मी रेघ बघते."

त्यात नंबर एकच. मुलगा दारातच पेपर घेऊन बसलेला. लावला.

"आज रविवारी कशी गं?" नणंदेचा आवाज भिंती फोडणारा. "तो घरात नाही का?"

रेघ पार वर. नात म्हणाली, "हाच तो. बंद कर आता." केला.

मुलगा माझ्याकडे बघत होता. म्हटलं, "तुझे वडील गेले तेव्हा तिला कुशीवरही वळता येत नव्हतं. एवढंच. पुढचं तुझं तू बघ." त्याने पेपराची घडी घातली.

११ मार्च

मशीन आकड्याच्या आत बसलं. काम नातीकडेच राहिलं.

संध्याकाळी फोन बघते तर अभ्र्यात नाही. मुलगा गॅलरीत, पाठ करून उभा, फोन कानाला. "आत्या," म्हणाला, आणि मग बराच वेळ गप्प. म्हणजे नणंद बोलत सुटली असणार.