तुझ्या सुनावणीतला पहिला प्रश्न

प्रिय ग्रेडन,

हे पत्र सुनावणी संपेपर्यंत माझ्याच खिशात राहील. आधी मिळालं तर तू उत्तर पाठ करून येशील.

वॉशिंग्टनला चेरी फुलली होती तेव्हा तू सिनेटरच्या कार्यालयात माझ्या हाताखाली नोकरीला आलास. शाळेतल्या कविता ऐकवत मी तुला सिनेटच्या पायऱ्या चढवल्या. सिनेटरांचे प्रश्न आपल्यासारखेच लोक लिहून देतात, हेही मीच शिकवलं; बैठकीत तू अडलास की मागून चिठ्ठीही मीच सरकवायचो. आपण खाणकामगारांसाठी विधेयकाचा मसुदा केला आणि तू खाणमालकांना फितून त्यातल्या दवाखान्यांच्या कलमावर काट मारलीस. जाब विचारला तर हसलास, "बॉस, तुम्ही आता कविता म्हणा. कायद्याचं आम्ही बघतो."

खाणीत राबणारा माझा भाऊ एमेट त्या दवाखान्याची वाट बघत खोकून खोकून गेला.

उपमंत्रिपदावरची तुझी नेमणूक मंजूर करायची की नाही, याची उद्या सिनेटपुढे सुनावणी. पहिला प्रश्न मी सिनेटरांना लिहून दिलाय: "हे कलम कुणाच्या सांगण्यावरून काढलंत?" सोबत तुझ्या हातची काट असलेला मसुदाही दिलाय.

मी तुझ्या मागेच, तिसऱ्या रांगेत असेन. उत्तर सुचलं नाही तर वळून बघू नकोस, बाळा. या वेळी मी मागून चिठ्ठी सरकवणार नाही.

तुझा पहिला बॉस,
ऑर्विल टेट