दोन अक्षरांची खुशाली

किल्लारी,
येळवसचा दुसरा दिवस

प्रिय अक्षरा,

आजीचे अनेक आशीर्वाद. तुझं डोकं दुखायचं ते आता कसं आहे? झोप लागते का? तुझ्या खोलीतल्या लुंबिनीचा खोकला गेला, की अजून ढासतेच आहे? घरमालकीण केवळाबाईंचे गुडघे कसे आहेत? मेसवाल्या नागुबाईंचा हात भाजला होता, तो बरा झाला का? आणि तू कशी आहेस? बघ, सगळ्यांना विचारत गेले आणि फिरून तुझ्यापाशीच आले. काल दुपारपासून माझं असंच होऊन राहिलंय. सूप हातात घेते आणि पाखडायचं विसरते. चुलीवर दूध ठेवते आणि दारात जाऊन उभी राहते.

इकडे तुझे पप्पा ठीक आहेत. आईची कंबर धरली होती, शेक देऊन सैल झाली. ज्वारी पोटऱ्यात आली आहे. उज्वलाआत्या सणाला आली होती, आज सकाळी नांदेडला परत गेली. जाताना म्हणाली, आई, तू आता माझ्यापेक्षा जास्त टॅब चालवतेस.

ते खरंच आहे. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी नांदेडजवळ विष्णुपुरीला तिच्याकडे राहिले, तेव्हा तू तुझा जुना टॅब माझ्या पिशवीत घातला होतास. उज्वला आणि जावई कामावर गेले की घर खायला उठायचं. वाचायला डॉक्टरांची मनाई. मग आधी बोलून लिहायचं शिकले. माइकचं चित्र दाबायचं आणि सावकाश बोलायचं. मी आंबील म्हटलं की तो अँब्युलन्स लिहायचा, एकदा उज्वला घाबरून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली. पट्टी निघाल्यावर तीन टिचक्या मारून अक्षर भाकरीएवढं करायचं सापडलं. पडद्याचे दोन वाटे करायचे, एका वाट्यात भजन लावायचं, दुसऱ्यात तुझे निरोप वाचायचे. शब्द चुकला तर मागचं सगळं पुसत यायची गरज नाही, खालच्या लांब पट्टीवर बोट सरकवलं की थेट चुकलेल्या अक्षराशी जाता येतं. कुणी शिकवलं नाही मला. दाबत गेले, बिघडलं की बंद करून चालू केलं. पाण्यात पडल्यावर हातपाय आपोआप हलतात.

त्यातच एक मोठी युक्ती हाती लागली. दावणीला बैल बांधावा तसं दोन अक्षरांना अख्खं वाक्य बांधून ठेवता येतं. मी 'बब'ला बांधलं, "मी बरी आहे, डोळ्यात औषध घातलं, काळजी करू नका." उज्वला ऑफिसातून विचारायची, मी बब दाबायची. तिचा जीव भांड्यात आणि माझी सुटका. पण पोरी, ज्या दिवशी मला खरंच बरं असायचं, त्या दिवशी मी बब कधी दाबलं नाही. त्या दिवशी सांगायलाच लई असायचं. धरणाचं पाणी सोडलं, खिडकीत साळुंकी येऊन बसली, शेजारणीनं शेंगोळे आणून दिले. बब दाबायची ते डोळा ठणकत असायचा तेव्हा. नाहीतर तुझ्या आजोबांची आठवण यायची आणि कुणाशी काही बोलावंसं वाटायचं नाही, तेव्हा.

काल येळवस होती, आपली वेळा अमावस्या. दिवस उगवायला सगळे रानात. पप्पांनी पूजेसाठी कडब्याची कोप उभी केली, आत पाच दगडांचे पांडव मांडले, आईनं शेंगा-भाज्यांची भज्जी अशी केली की चुलते दुसऱ्यांदा ताट घेऊन बसले. तू अभ्यास आहे म्हणून आली नाहीस, तरी तुझ्या वाटची आंबील मी वेगळी काढून ठेवली होती. पंगत बसली आणि घरच्या ग्रुपवर तुझा निरोप आला. "क्लास छान झाला. मेसमध्ये जेवले. काळजी करू नका.." तुझ्या पप्पांनी मोठ्यानं वाचून दाखवला आणि म्हणाले, "बघा, सणालाबी पोरगी क्लास बुडवून न्हाई राहिली." चुलते हाव हाव करत माना डोलवू लागले. तुझ्या आईनं डोळ्याला पदर लावला.

माझा बाजरीचा उंडा हातातच राहिला. अक्षरा, येळवसला लातुरात कोणती मेस उघडी असते गं? त्या दिवशी अख्खं शहर रानात असतं. दुकानांना कुलपं, क्लासला सुट्टी, रस्त्यावर कुत्रं नसतं. नागुबाई तर आदल्या दिवशीच गावाकडं जातात, हे मागच्या वर्षी तूच सांगितलं होतंस. त्या दिवशी लातुरात जेवायचं तर कुणाच्या तरी शेतात जावं लागतं. कौतुकाच्या भरात तुझ्या पप्पांच्या हे ध्यानात आलं नाही.

कोपीच्या मागं जाऊन तुझे निरोप वर सरकवत गेले. दिवाळीपासून तेच वाक्य. रविवारीही क्लास छान झाला. शेवटची दोन टिंबंसुद्धा जशीच्या तशी. त्याच्याआधी तू काय काय लिहायचीस. लुंबिनी झोपेत सूत्रं बडबडते, वरणात पाणी जास्त आणि वरण कमी, आज आजीच्या हातची शेंगदाण्याची चटणी आठवली. तुझ्या पेपरात किती मार्क पडले ते मला कधी कळलं नाही, पण तू काय खाल्लंस ते रोज कळायचं.

आमच्या या गावात भूकंपातून वाचलेली माणसं आहेत. इथं कुणी सगळं बरं आहे असं एका दमात म्हटलं, तर आम्ही पुढं जात नाही. त्याच्याजवळ बसतो.

म्हणून हे लिहायला बसले. ग्रुपवर सगळे वाचतात, आणि फोन केला असता तर तू लगेच आवाज नीट केला असतास, मला माहीत आहे. घरात मी कुणाला सांगितलेलं नाही. यंदा पुन्हा परीक्षेला बसायचं तू ठरवलंस की आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं, हे कालपासून मला सारखं टोचून राहिलंय. अभ्यास होत नसेल तर होत नाही. डॉक्टर व्हायचंच नसेल तर तेही नाही. तुझ्या पप्पांशी मी बोलेन. ते आधी रागावतील, मग जेवायचे नाहीत, मग जेवतील. माझंच पोर आहे, मला त्याची सवय आहे. पण तू काल दिवसभर कुठं होतीस, कुणाबरोबर होतीस, पोटात काय गेलं, हे कळल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. हे पत्र जीपवाला अमरेश तुझ्या हातात देईल. तो संध्याकाळी परत निघायच्या आधी तुझ्याकडं येऊन थांबेल, तसं त्याला बजावलंय. त्याच्याजवळ तुझ्या हातचं उत्तर दे. गिचमिड चालेल, दोन ओळी चालतील. काहीच लिहावंसं वाटलं नाही तर कोरा कागद घडी करून दे, मी उद्या पहिल्या गाडीनं तुझ्याकडं येते. आणि त्याच जीपमध्ये बसून तूच आलीस, तर उत्तरही नको. पण आजच्या आज कळव गं माय.

तुझीच,
शिवकांताआजी